प्लाझ्माचा मानपान

मोजल्याशिवाय कोणतीही गोष्ट सिद्ध होत नाही, आणि मानकऱ्यांशिवाय कोणतीही गोष्ट मोजली जात नाही. यातलं पहिलं वाक्य जगभरच्या शास्त्रज्ञांना मान्य आहे. दुसरं वाक्य धुळ्यात, देवपूर भागात, पांझरातीर ज्ञानोपासक मंडळाच्या महाविद्यालयात सिद्ध झालं. त्या समारंभाची ही हकीकत. (पत्रिकेत 'प्रयोग' हा शब्दही होता, पण तिसऱ्या पानावर, भोजनाच्या वेळेखाली.)

महाविद्यालयाच्या पदार्थविज्ञान विभागात सुलक्षणा बोरसे शिकवत असे. विद्यार्थी तिला मॅडम म्हणत. संस्थेचे सचिव गिरधर आबा तिला 'आपली पोरगी' म्हणत, म्हणजे तिने काही मागितलं की 'बघू बेटा' एवढ्यावर भागत असे. अशा या पोरीने बघू-बघूच्या आधारावर काही वर्षं खपून एक यंत्र उभं केलं होतं. दिसायला तो एक पोलादी गोळा, लग्नातल्या वरणाच्या पातेल्याएवढा. आत मधोमध तारेचा पिंजरा, मोसंबी मावेल इतका. पंपाने गोळ्यातली जवळजवळ सगळी हवा ओढून घ्यायची, चिमूटभर वायू आत सोडायचा, आणि पिंजऱ्याला उणे वीस हजार व्होल्ट द्यायचे. मग वायूचे कण फुटतात, आणि त्यातले धन विद्युतभाराचे चारी बाजूंनी पिंजऱ्याकडे धावत सुटतात. पिंजऱ्याच्या भोकांतून आरपार जातात, पलीकडे पोचून माघारी फिरतात, पुन्हा धावतात. ही धावपळ चालते तोवर गोळ्याच्या पोटात जांभळा उजेड राहतो आणि पिंजऱ्याच्या प्रत्येक भोकातून एकेक किरण बाहेर फुटतो. आतल्या या पेटलेल्या वायूला प्लाझ्मा म्हणतात.

हा प्लाझ्मा किती तापलाय, हे सुलक्षणाला मोजायचं होतं. त्यासाठी तिच्याजवळ एक सुई होती, सुई म्हणजे काचेच्या नळीतून डोकावणारी केसासारखी तार. ती गोळ्यात थोडी आत सरकवायची, तिला कमी-जास्त विद्युतदाब द्यायचा, आणि तिच्यातून किती प्रवाह येतो ते टिपून त्यावरून हिशेब करायचा. यात एकच पथ्य होतं. सुई स्वतःच धावणाऱ्या कणांच्या वाटेत येते, जो कण तिच्यावर आपटला तो संपला. म्हणून सुई बारीक हवी आणि एकच हवी. मोजणाऱ्याने मोजायच्या गोष्टीच्या वाटेत उभं राहू नये, एवढंच या शास्त्राचं सार. संस्थेच्या घटनेत या साराला कुठेही जागा नव्हती.

तोवर तिला एकही धड आकडा मिळाला नव्हता. कधी गोळा कुठून तरी हवा खायचा, कधी लाईट जायची, कधी ऐन वेळी परीक्षेची ड्युटी लागायची. यंदा हिवाळ्यात गोळ्याची गळती एकदाची थांबली, आणि त्याच आठवड्यात राज्य सूक्ष्ममापन परिषदेचं पत्र आलं. परिषदेचे निरीक्षक येऊन प्लाझ्माचं माप समक्ष घेतील. माप मिळालं तर प्रयोगशाळेला मान्यता. न मिळालं तर ती खोली संस्थेने अन्य उपयोगासाठी घ्यावी.

संस्थेचा अन्य उपयोग ठरलेला होता. खोलीचा 'मान्यवर विश्रांती कक्ष' होणार होता. सोफेही येऊन पडले होते, बाहेर व्हरांड्यात, प्लॅस्टिकसकट. सुलक्षणा रोज त्यांना वळसा घालून प्रयोगशाळेत जायची.

आता गिरधर आबांविषयी. सोनगीर ते धुळे या पट्ट्यात आबांच्या हाती माईक नाही असं लग्न लागत नाही. लागलं तरी त्याला लोक लग्न मानत नाहीत. व्यासपीठावर कोणाला बोलवायचं, कोणाला टोपी, कोणाला टॉवेल, कोणाला दोन्ही, कोणाचं नाव आधी आणि कोणाचं नाव 'तसेच' या शब्दानंतर, यात आबांची आजवर एकही चूक निघालेली नाही. आबांच्या लग्नांत गोरज मुहूर्त असतो आणि अक्षता साधारण जेवणं निम्मी झाल्यावर पडतात. मुहूर्ताला उशीर झाला म्हणून मोडलेला संसार पंचक्रोशीत एकही नाही. नाव चुकलं म्हणून मोडलेल्या सोयरिकी मात्र हव्या तितक्या दाखवता येतील, असं आबा म्हणत. हा शास्त्रीय पुरावा नाही, असं म्हणायची कोणाची छाती नव्हती.

परिषदेचं पत्र वाचून आबा प्रयोगशाळेत आले. गोळ्याभोवती एक प्रदक्षिणा घालून त्यांनी गोळ्याला भोकं किती आहेत ते विचारलं. सुलक्षणा म्हणाली, बारा. त्यातली चार गुंतलेली, एक पंपाला, एक वायूला, एक विजेला आणि एकाला काच, आत बघायला. उरलेली आठ मोकळी, पुढेमागे लागतील म्हणून ठेवलेली.

ही आठ मोकळी भोकं बघून आबांचा जीव हळहळला. एवढ्या जागा, आणि एकीवरही कोणी बसलेलं नाही. त्यांनी तिथेच उभ्या उभ्या वाटप केलं. (पहिली चार भोकं कामाची असल्यामुळे बिनमानाची ठरली.) एक भोक अध्यक्ष उखर्डू नानांना. एक खुद्द सचिवांना. एक प्राचार्यांना. एक चोपड्याचे केळीचे व्यापारी भिकन शेठ यांना, कारण पंप त्यांनी दिला होता. एक नानांच्या मेव्हण्यांना, ज्यांच्याकडे कोणतंही पद नव्हतं आणि म्हणून ज्यांना वगळणं फार धोक्याचं होतं. एक निरीक्षकांना. एक 'ऐनवेळी उपस्थित राहणाऱ्या मान्यवरांना'. आठवं भोक गोळ्याच्या पार तळाला होतं, तिथे काही करायचं तर फरशीवर बसकण मारावी लागे. त्याला मानकरी मिळाला नाही. ते सुलक्षणाला देण्यात आलं.

प्रत्येक मानकरी आपापल्या भोकातून आपापली सळई आत सरकवणार आणि आपापल्या मीटरवर आपापलं माप वाचणार, असं ठरलं. केसासारखी तार नानांच्या हातात शोभणार नाही, म्हणून जळगावच्या एका वर्कशॉपमध्ये पितळी सळया करून घेतल्या, अंगठ्याएवढ्या जाड, पॉलिश मारलेल्या, मुठीवर नाव कोरलेल्या. हवा आत न घेता पुढेमागे सरकतील अशी रबरी कडीही बसवली. काम अव्वल झालं होतं. त्यात खोड काढायला जागा नव्हती, हेच सुलक्षणाचं दुःख होतं.

तिने आबांना हरप्रकारे समजावलं. एवढं पितळ आत गेलं तर कण त्याच्यावर आपटून संपतील. सळया पिंजऱ्याजवळ आल्या तर कणांना धावायला जागाच उरणार नाही, आणि धावले नाहीत तर प्लाझ्मा पेटणारच नाही. आबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग मायेने म्हणाले, "बेटा, लग्नाला एवढी माणसं येतात, म्हणून नवरदेव विझतो का?"

(आबांच्या लग्नांतले नवरदेव ज्यांनी पाहिले होते, त्या सर्वांनी या प्रश्नावर मौन पाळलं.)

पुढचा पेच नानांनी टाकला. त्यांनी निरोप धाडला, की सळया आत जाणार हे ठीक, पण कोणाची किती आत? त्यांचं बरोबरच होतं. पिंजऱ्याजवळच्या सळईला मोठा आकडा मिळतो आणि लांबच्या सळईला लहान, हे सुलक्षणाने स्वतःच सांगितलं होतं. भिकन शेठचा आकडा नानांच्या वर गेला असता तर पुढच्या निवडणुकीत मंडळाची दोन मंडळं झाली असती. तेव्हा प्राचार्यांनी परिपत्रक काढलं: 'सर्व मान्यवर सळया केंद्रबिंदूपासून समान अंतरावर राहतील. तसेच हे अंतर मान्यवरांच्या प्रतिष्ठेस साजेसे, म्हणजे कमीत कमी असेल.' मग प्रश्न आला काचेचा. प्रत्येक पाहुणा काचेतून आत डोकावणार, म्हणजे सगळ्यांची नजर तिथेच जाणार. लोक जिथे बघतात तिथे नावं हवीत, या सर्वमान्य तत्त्वानुसार काचेसमोर पितळी नामफलक स्क्रूंनी बसवण्यात आला.

ठरल्या दिवशी मैदानात मांडव पडला. फाटकाला केळीचे खांब, अर्थात भिकन शेठकडून. निरीक्षक म्हणून आले ते डॉ. वेस्ता पावरा, मूळचे चोपड्याच्या वर सातपुड्याच्या पायथ्याचे, आता पुण्यात असतात. माणूस कमी बोलणारा. त्यांना टोपी आणि टॉवेल दोन्ही मिळालं. ते टोपी घालूनच बसले, कारण काढली तर पुन्हा घालतील हे त्यांनी ओळखलं होतं.

प्रयोगाची वेळ सकाळी अकराची. आबांनी मान्यवरांची नावं घ्यायला घेतली ती ऊन डोक्यावर येऊन कलायला लागलं तरी चालूच होती. मागून चुलवणावरच्या तुपाचा वास यायला लागला तशी 'तसेच' नंतरची नावं थोडी भरभर झाली. शेवटी सगळे मानकरी प्रयोगशाळेकडे निघाले. सोफ्यांपाशी नानांनी थांबून एका सोफ्यावर प्लॅस्टिकसकट बसून बघितलं आणि मान डोलावली. सुलक्षणाने ते पाहिलं.

सनई वाजली. सात सळया एकदम आत सरकल्या, अंतर सारखं ठेवायला सुतार पट्टी घेऊन हजर होता. तळाला फरशीवर बसून सुलक्षणाने आपली सुई सरकवली. नानांनी बटण दाबलं. वीस हजार व्होल्ट गेले.

मीटरवर शून्य आलं.

प्रत्येकाने आधी आपलं मीटर पाहिलं, मग लगेच शेजारच्याचं. तिथेही शून्य. त्याच्या शेजारी शून्य. मग नानांचा चेहरा खुलला.

"बरं झायं," नाना म्हणाले, "कोनलेच जास्ती नही."

टाळ्या पडल्या. आबांनी माईकवरून जाहीर केलं, की अध्यक्षांपासून निरीक्षकांपर्यंत सर्व मान्यवरांच्या मापांत संपूर्ण एकमत झालेलं आहे. संस्थेच्या इतिहासात असं एकमत आजवर फक्त दुखवट्याच्या ठरावांवर होत आलंय, आणि तिथेही एकदा एकाने दुरुस्ती सुचवली होती.

पावरांनी प्राचार्यांना हळूच विचारलं, आत काही पेटलंय का. प्राचार्यांनी काचेवरच्या फलकाकडे अदबीने बोट दाखवलं. तिथे पावरांचंही नाव होतं, तेव्हा पुढे विचारणं बरं दिसलं नसतं.

सुलक्षणाला रडू यायचं तेवढं बाकी होतं. एवढी वर्षं, एवढ्या गळत्या, आणि नेमका आज गोळा ठणठणीत असताना त्याच्या पोटात अंधार. ती उठून नानांसमोर उभी राहिली आणि हात जोडून म्हणाली, की सळई फक्त गोळ्याच्या भिंतीपर्यंत मागे घ्या, पाच मिनिटं, आत जांभळा तारा चमकेल. नानांना वाईट वाटलं. पोरगी गुणी होती. पण आजूबाजूला बाकीचे मानकरी बघत होते.

"मन्ही सळई आठेच राही," नाना म्हणाले, म्हणजे आहे तिथेच.

बाकीच्यांचं म्हणणं पडलं, की नानांनी काढली तर आम्ही आनंदाने काढू. नानांचं म्हणणं, की बठ्ठ्यांनी, म्हणजे सगळ्यांनी, काढल्यावर बघू. मेव्हण्यांनी तर मूठ दोन्ही हातांनी धरली होती. 'ऐनवेळी उपस्थित राहणारे मान्यवर' आलेच नव्हते, पण त्यांची सळईही कोणाला काढता येईना, कारण त्यांच्या गैरहजेरीत काढली तर तो अपमान ठरला असता.

सुलक्षणा पदार्थविज्ञानात पारंगत होती, पण त्याआधी ती सोनगीरजवळच्या गावातली होती, आणि लग्नं तिने पदार्थविज्ञानापेक्षा जास्त पाहिली होती. तिने आबांच्या हातातून माईक घेतला. आबांच्या हयातीत असं कधी झालं नव्हतं, त्यामुळे आबांना तो सोडायचा नाही हे सुचलंच नाही.

"मानाची पहिली पंगत बसते आहे," ती म्हणाली. "मान्यवरांनी कृपया आसनस्थ व्हावं. पहिल्या पंगतीत जागा मर्यादित आहेत."

आयुष्यात तिने केलेल्या प्रयोगांत सर्वांत शुद्ध निष्कर्ष या शेवटच्या वाक्याने दिला. खोली रिकामी व्हायला जो वेळ लागला तो मोजण्याजोगा नव्हता. सुतारसुद्धा पट्टी टाकून गेला.

पावराही सवयीने उठून दारापर्यंत गेले होते. तिथून ते परत फिरले. टोपी नीट केली आणि विचारलं, की यातली माझी सळई कोणती. सुलक्षणाने वीज बंद केली आणि दाखवली. त्यांनी ती स्वतःच्या हाताने भिंतीपर्यंत मागे ओढली. मानकऱ्याने आपला मान आपणहून मागे घेतल्याचं हे खानदेशातलं पहिलं उदाहरण असावं, निदान आबांच्या माहितीत तरी दुसरं नाही. मग दोघांनी मिळून बाकीच्या सहा सळया मागे ओढल्या. फलकाचे स्क्रू सुलक्षणाने दहाच्या नाण्याने काढले.

तिने बटण दाबलं.

गोळ्याच्या पोटात जांभळा तारा फुलला. पिंजऱ्याच्या भोकाभोकातून किरण फुटले, सरळ, बारीक, थरथरसुद्धा नाही. सुलक्षणाला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही आवरायच्या भानगडीत न पडता ती फरशीवर बसली. ती सुईचा विद्युतदाब चढवत गेली, पावरा प्रवाह वाचत गेले. आलेखाच्या कागदावर टिंबं एका सरळ रेषेत पडत गेली. हिशेब झाला. आकडा निघाला. पावरांनी सगळं स्वतः पुन्हा एकदा केलं, तोच आकडा निघाला. त्यांनी टोपी काढली.

"मॅडम," ते म्हणाले, "हा खरा आहे."

इकडे मांडवात पंगत रंगात आली होती. बट्टी अशी जमली होती की विचारू नका. गव्हाचं जाडं पीठ, त्यात मक्याचा हात, वाफवून, कापून, तुपात तांबूस तळलेली. वरून कुरकुरीत आणि बोट दाबलं की आत लोण्यासारखी. नाना दोन्ही हातांनी ती कुस्करत होते आणि वाढपी वरणाचं आळं करून मधोमध तूप सोडत होता. 'बस' म्हणायचं ते पहिल्या धारेनंतर नाही, तिसऱ्या धारेनंतर, हा इथला नियम. शेजारी घोटलेल्या वांग्याची भाजी, हिरव्या मिरचीची, शेंगदाणे दाताखाली येणारी. भिकन शेठ म्हणाले, भाजी चोपड्याचीच. मेव्हणे म्हणाले, वांगं जळगावकडचं असेल, पण घोटणारा हात धुळ्याचा. यावर दोन्ही जिल्ह्यांत थोडी गरमागरमी झाली, आणि आबांनी दोघांच्या ताटात एकेक बट्टी जास्तीची टाकायला लावून समेट घडवला. मक्याचं प्रमाण किती असावं यावर मात्र एकमत झालं नाही, तो विषय पुढच्या सर्वसाधारण सभेकडे गेला.

निरीक्षकांचा अहवाल महिनाभरात आला. परिषदेच्या नियमांनुसार माप गणपूर्तीसमोर घेतलेलं असावं लागतं. सुलक्षणाचं माप घेताना खोलीत दोनच माणसं होती, त्यामुळे ते नोंदीस पात्र ठरलं नाही. गणपूर्तीसमोर घेतलेल्या मापांबाबत अहवाल म्हणतो: 'आठ स्वतंत्र मापांत शून्य तफावत. असे सातत्य राज्यात अन्यत्र आढळले नाही.' प्रयोगशाळेला मान्यता मिळाली. खाली पावरांच्या हाताने पेनाने लिहिलेली एक ओळ होती, की श्रीमती बोरसे यांच्याकडून ही खोली कोणत्याही कारणासाठी काढून घेऊ नये. सोफे मंगल कार्यालयाला विकले गेले.

तेव्हापासून गावोगावच्या संस्था हे सातत्य बघायला देवपुरात येतात. प्रत्येक शिष्टमंडळाचा मान ठेवला जातो, सळया आत जातात, शून्य येतं, फोटो निघतात. मग सुलक्षणा माईक घेते, पहिली पंगत जाहीर करते, आणि मोकळ्या खोलीत आपला तारा पेटवते. इतकी मापं तिला एरवी कधी मिळाली नसती. ती खुशीत आहे. आबाही खुशीत आहेत, त्यांच्या मते प्लाझ्मा आता माणसाळला.

तिचा तो आकडा गुप्त नाही. कोणीही विचारावा, ती खुर्ची देऊन, चहा पाजून सांगते. शिष्टमंडळांपैकी अजून कोणी विचारलेला नाही, बट्टीत मका किती हे मात्र सगळे विचारून जातात. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. वाचकहो, आकडा निघाला तेव्हा तुम्ही त्या खोलीतच होता. आम्ही तो न सांगताच पंगतीकडे वळलो, आणि तुम्हीही मुकाट्याने मागोमाग येऊन ताटावर बसलात.